सुलतान गोरोंगोरोला जाऊन आला

गोरोंगोरोच्या विवरात सकाळी धुकं असतं. संध्याकाळी सहाच्या आत सगळ्यांनी वर यायचं असतं. जिराफ मात्र तिथे दिसत नाहीत, कारण एवढा उभा कडा उतरणं त्यांच्या लांब पायांना झेपत नाही. हे सगळं मला तोंडपाठ आहे. मी तिथे गेलेलो नाही. एकोणीस वर्षं सौदीत काढली, त्यातली शेवटची अकरा अल खर्जच्या एका दूध-फार्मवर मुख्य पर्यवेक्षक म्हणून, आणि माझ्या पासपोर्टात मुंबई आणि सौदी सोडून दुसऱ्या कुठला शिक्का नाही. तरी आफ्रिकेतल्या त्या राखीव रानाबद्दल अल खर्जच्या मजूर कचेरीत जो बावीस पानांचा अहवाल ठेवलेला आहे, तो शब्दन् शब्द माझा आहे. खाली सही तेवढी सुलतानची.

सुलतान म्हणजे आमच्या कफीलचा, ज्याच्या जामिनावर आम्ही सौदीत होतो त्या मालकाचा, अबू नासिरचा, मेहुणा. वय अडतीस. प्रकृती उत्तम, कारण ती वापरलेलीच नव्हती. फार्मच्या कागदांवर तो दोन वर्षं 'साहाय्यक पर्यवेक्षक' होता. त्याच्यासाठी माझ्या टेबलाशेजारी एक फिरती खुर्ची आणून ठेवली होती, तिच्यावरचं प्लास्टिकसुद्धा कुणी काढलं नव्हतं. सुलतानने ती खुर्ची पाहिलेली नव्हती. पण तो होता म्हणून आम्ही त्रेचाळीस परदेशी माणसं होतो. तेव्हा सरकार कंपन्यांना रंग देत असे. पुरेसे सौदी कामाला असले की कंपनी हिरवी, कमी असले की पिवळी, त्याहून कमी असले की लाल. कंपनी पिवळी झाली की सहा वर्षांहून जुन्या माणसांचे इकामे, म्हणजे सौदीत राहायचे परवाने, वाढत नसत. लाल झाली की कुणाचेच नाहीत. आमची हिरवळ एकट्या सुलतानच्या नावावर उगवलेली होती.

माझा इकामा डिसेंबरात संपत होता. माझी मुलगी इकरा बारावीला होती आणि तिची परीक्षा मार्चमध्ये. मधले ते तीन महिने मला हवे होते. दुसरं काहीही नको होतं.

सप्टेंबरात एका सकाळी मजूर कचेरीतून तपासनीस आला. सभ्य, शिकलेला माणूस. त्याने प्लास्टिकमधली खुर्ची पाहिली आणि विचारलं, "सुलतान कुठे आहे?"

खरं उत्तर 'झोपलाय' असं होतं. ते देता येत नव्हतं. माझी नजर समोरच्या भिंतीवर गेली. तिथे इसहाकने सुट्टीहून आणलेलं कॅलेंडर होतं. इसहाक आमच्या चारा-गोदामाचा मुकादम, टांझानियाचा. कॅलेंडरवर डोंगरांच्या कड्यात बसलेलं तळं, तळ्यात गुलाबी पक्षी आणि खाली मोठ्या अक्षरांत नाव छापलेलं.

"गोरोंगोरोला गेलाय," मी म्हणालो. "प्रशिक्षणाला."

"कसलं प्रशिक्षण?"

"उन्हात जनावरं एसीशिवाय कशी जगतात, ते बघायला."

यात निदान विषय तरी खरा होता. आमच्या गाई पंख्याखाली आणि पाण्याच्या फवाऱ्याखाली राहत. आमच्या खोल्यांचा एसी रमजानपासून बंद होता, पण आम्ही दूध देत नसल्यामुळे ते काम मागे पडलं होतं.

तपासनीसाचे डोळे चमकले. त्या बिचाऱ्याने वर्षभर गावोगावच्या रिकाम्या खुर्च्या मोजल्या होत्या. एखादी खुर्ची कुठेतरी गेली आहे, असं त्याने पहिल्यांदाच ऐकलं. "मला सविस्तर अहवाल हवा," तो म्हणाला. "फोटोंसह. महिन्याच्या आत. बाकीच्या फार्मना दाखवायला नमुना होईल."

तो गेल्यावर मी अबू नासिरला सगळं सांगितलं. अबू नासिर मनाने चांगला माणूस. जे काही मनातल्या मनात करता येतं, ते तो आपल्या माणसांसाठी भरपूर करतो. त्याने आधी कपाळाला हात लावला. मग म्हणाला, "मुझम्मिल, तू खोटं बोललास. हे हराम आहे. आता ते नीट पूर्ण कर."

"सुलतानला खरंच पाठवू या ना," मी म्हणालो. "आठवड्याचा तर प्रश्न आहे."

सुलतानला फोन लावला. त्याने तीन प्रश्न विचारले. तिथे डास आहेत का, सकाळी उठावं लागतं का, आणि सिंह किती जवळ येतात. उत्तरं ऐकून तो म्हणाला, "खलास. मी जाऊन आलो असं लिही."

आता लिहिणं हा माझा जुना आजार आहे. त्र्याण्णव साली मी अल खफजीच्या बांधकाम-मजुरांच्या कॅम्पमध्ये आलो, तेव्हा खोलीतल्या बऱ्याच जणांना लिहायचा कंटाळा. त्यांची घरची पत्रं मी लिहायचो. साताऱ्याकडचा केरू सुतार सहा महिने कंबर धरून पडला होता. त्याच्या कृष्णाबाईला मी लिहिलं, 'इथे समुद्राची हवा चांगली आहे, जेवणात दर शुक्रवारी मटण असते, माझे वजन वाढले आहे.' कृष्णाबाई इतकी खूश झाली की तिने उलट टपाली विचारलं, एवढं बरं आहे तर धाकट्या भावालाही नेता येईल का. न पाहिलेलं सुख लिहायची माझी तेव्हापासूनची प्रॅक्टिस आहे. त्यामुळे गोरोंगोरो मला अवघड नव्हतं. फक्त तपशील हवे होते.

ते इसहाककडे होते. त्याचं गाव त्या विवराच्या कड्यापासून फार लांब नाही आणि त्याच्या आईचा बाप मसाई, गुरं राखणारा. दुपारच्या सुट्टीत गोदामात गवताच्या गठ्ठ्यांवर बसून तो सांगायचा आणि मी वहीत उतरवायचो. एक मोठा ज्वालामुखी होता, तो लाखो वर्षांपूर्वी फुटून आत खचला. आता त्याची दोन हजार फूट खोल परात झाली आहे, एका टोकाहून दुसरं टोक दहा-बारा मैल. आत गवत, पिवळ्या सालीच्या झाडांचं बन, खाऱ्या पाण्याचं तळं. हत्ती, गवे, तरस, सिंह, आणि मोजके काळे गेंडे. उत्तरेला दुसरा एक डोंगर अजून मधून मधून धूर सोडतो, त्याला मसाई देवाचा डोंगर म्हणतात.

"आणि माणसं?" मी विचारलं.

"आजा खालीच राहायचा, तळ्याच्या अंगाला," इसहाक म्हणाला. "त्याची गुरं, गेंडे, सगळे एकाच पाण्यावर. मग साहेब लोक आले. म्हणाले, ही जागा आता जनावरांसाठी राखली आहे. तुम्ही वर राहा. दिवसा गुरं मीठ चाटायला खाली आणा, संध्याकाळी वर जा."

"मग आजा काय म्हणाला?"

"काय म्हणणार? त्याच्याकडे कागद नव्हता. गेंड्याकडेही नव्हता, पण गेंड्याला कुणी विचारला नाही." इसहाकने दातातली काडी फेकली. "मग नवीन रखवालदार नेमले. त्यांना गेंडे कुठे बसतात ते माहीत नव्हतं. तेव्हा दाखवायला आज्यालाच बोलावलं."

मी हसलो. वहीत मात्र ते लिहिलं नाही. सुलतान असलं काही लिहिणार नाही, एवढं भान मला होतं. ते भान इतर ठिकाणी वापरलं असतं तर बरं झालं असतं.

घरी मी रोज उन्हं कलल्यावर, असरच्या नमाजानंतर लिहायला बसायचो. अफशाँ, माझी बायको, चहाचा कप ठेवून म्हणायची, "बारा गावच्या लोकांसाठी लिवता तुमी. आपला एसी दुरुस्त करा म्हणून एक अर्ज लिवायला मातर हात उचलत नाय."

"हे आपल्यासाठीच आहे," मी सांगायचो. "इकराच्या परीक्षेसाठी."

आणि मी खरंच जीव ओतून लिहिलं. धुक्यात उतरताना गाडीच्या काचेवर येणारं दव लिहिलं. गव्याची गाभण मादी कळपाच्या मधे कशी चालते, ते लिहिलं. आपल्या गाई गर्मीत पाय का झाडतात, पाणी दिवसातून किती वेळा बदलावं, सावलीचं छप्पर कुठल्या दिशेला उतरतं ठेवावं, ही माझी अकरा वर्षांची अक्कल मी आफ्रिकेच्या नावाने त्यात घातली. अबू नासिरला हेच मी दर वर्षी सांगत आलो होतो. तेव्हा तो जांभई द्यायचा. टाईप केलेलं वाचून म्हणाला, "माशाल्ला, सुलतानने काय काय पाहिलं!"

राहिले फोटो. जनावरांचे फोटो इसहाकच्या गावच्या एका ड्रायव्हरने पाठवले. सुलतानचा फोटो मात्र सुलतानलाच काढून घ्यावा लागणार होता. तर आमच्या नशिबाने सौदीतही एक विवर आहे. तायफच्या अलीकडे, काळ्या दगडांच्या रानात, अल वाहबा. इसहाक, मी आणि सुलतान त्याच्या लँड क्रूझरमधून निघालो. आठ तास मी गाडी चालवली. सुलतान मागे झोपला होता. प्रशिक्षणाचा थकवा असणार.

अल वाहबाचा कडा उभा, तळ पांढरा, मिठाने माखलेला. ना झाड, ना तळं, ना हत्ती. इसहाक काठावर उभा राहून बराच वेळ बघत होता. म्हणाला, "जनावरं सोडली तर हुबेहूब."

सुलतानने काच चार बोटं खाली केली. बाहेरची हवा आत आली, तशी वर केली. पुन्हा खाली करून म्हणाला, "मी उतरणार नाही. बूट खराब होतील. मुझम्मिल, तुझी माझी उंची सारखीच आहे ना?"

त्याने बॅगेतला धुतलेला पांढरा पायघोळ थोब आणि लाल चौकड्यांचा रुमाल माझ्याकडे फेकला. मी गाडीच्या आडोशाला कपडे बदलले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मी त्या पोशाखात होतो. पाऊण तास घसरत, धडपडत तळाशी गेलो. पायाखाली मीठ करकरत होतं. थोड्या वरच्या खडकावरून कॅमेरा रोखून इसहाक ओरडला, "तोंड फिरव! पाठ माझ्याकडे कर!" मी फिरलो. समोर नुसता पांढरा तळ आणि त्यापलीकडे कडा. मला वाटलं, आपण चांगलं काम करतोय. पोरीची परीक्षा होईल, त्रेचाळीस जणांचे इकामे राहतील, एका माणसाच्या पाठीने भागतंय. मला तेव्हा अभिमानसुद्धा वाटला. हे कबूल करायला आज लाज वाटते, पण वाटला होता.

सुलतानच्या पासपोर्टावर टांझानियाचा शिक्का आहे का, हे पुढे कुणीही विचारलं नाही. आमचा इकामा मात्र बँकेच्या दारातला शिपाईसुद्धा बघायचा.

नोव्हेंबरात कचेरीचं उत्तर आलं. अबू नासिरने मला बोलावून खजूर पुढे केला आणि पत्र वाचून दाखवलं. अहवाल अतिशय उत्तम आहे. त्याची पुस्तिका छापून इतर फार्मना वाटण्यात येत आहे. फार्मची श्रेणी हिरवी कायम. आणि शेवटचा परिच्छेद: श्री. सुलतान यांचं जनावरांच्या व्यवस्थेचं ज्ञान पाहता, मुख्य पर्यवेक्षकाच्या जागेसाठी आता लायक नागरिक उपलब्ध आहे, सबब त्या जागेवरील परदेशी माणसाचा इकामा पुढे वाढवण्याची आवश्यकता दिसत नाही.

त्या जागेवरचा परदेशी माणूस खजूर चावत उभा होता.

"मार्चपर्यंत," मी म्हणालो. "फक्त मार्चपर्यंत, अबू नासिर. मुलीची परीक्षा आहे."

"मी विचारलं," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे खरंच भरून आले. "देवाशपथ विचारलं. ते म्हणतात, एवढं जाणणारा माणूस घरात असताना दुसरा कशाला?" त्याने मला मिठी मारली. मग हळूच म्हणाला, "जायच्या आधी सुलतानला काम शिकवून जाशील ना?"

पत्रासोबत आलेली पुस्तिकेची एक प्रत मी घरी नेली. इंडियन स्कूलची बस इकराला सोडून गेली होती. तिने दप्तर टाकलं, पुस्तिका उचलली आणि मुखपृष्ठ बघत राहिली. विवराच्या तळाशी पांढऱ्या थोबातला माणूस, पाठमोरा.

"अब्बा, ये आप हो," ती म्हणाली.

"सुलतान आहे तो."

"No, अब्बा. डावा खांदा खाली आणि उजवा हात कमरेवर. You stand like that at the bus stop every single day."

खफजीला बादल्या उचलून माझी कंबर गेली आहे, त्यामुळे मी तसा उभा राहतो. कचेरीतल्या एकालाही ते कळलं नव्हतं. मग मी तिला आणि अफशाँला सगळं सांगितलं, शेवटच्या परिच्छेदासकट. अफशाँ शेगडीजवळच खाली बसली. म्हणाली, "मना तवाच सांगायला होवा होता."

इकराने शाळेत विचारून पाहिलं होतं, मागे, सहज. बोर्डाचे अर्ज गेले होते, परीक्षेचं केंद्र आता बदलत नव्हतं. तिचं राहणंही माझ्याच इकाम्यावर, त्यामुळे डिसेंबरात गेलो तर तिचं वर्ष गेलं. ती उठून उभी राहिली. "So tell them! त्यांना सांगा ना, लिहिलंय तुम्ही, फोटो तुमचा आहे."

"सांगितलं तर फार्म लाल होईल. त्रेचाळीस माणसं आहेत, इकरा. इसहाक आहे. त्यांच्याही घरी पोरं आहेत."

"मैं उन तैंतालीस में नहीं हूँ?"

सिंह-गेंड्यांवर बावीस पानं लिहिणाऱ्या माणसाला पोटच्या पोरीला द्यायला एक ओळ सुचली नाही. मी पुस्तिका कपाटावर ठेवली आणि बाहेर जाऊन उगाच पाण्याची टाकी बघून आलो.

पुढचे पंधरा दिवस सुलतान कामावर येत होता. त्याला काही फार्मनी व्याख्यानाला बोलावलं होतं, म्हणून त्याला आपण काय पाहिलं ते माहीत करून घ्यायचं होतं. तो माझ्या खुर्चीत बसायचा, कारण त्याच्या खुर्चीचं प्लास्टिक गरम होतं. मी उभा राहून सांगायचो. सकाळी धुकं असतं. जिराफ दिसत नाहीत. "का?" तो विचारायचा, आणि उत्तर येईपर्यंत फोन बघायचा. इसहाक दारातून जाताना एकदा थांबला, आमच्याकडे पाहिलं आणि पुढे गेला. त्याच्या आज्याची गोष्ट मी हसून ऐकली होती, हे मला तेव्हा आठवलं.

शेवटच्या दिवशी विमान संध्याकाळचं होतं. आमचे खोके बांधून गाडीत चढवले होते, त्यांच्यावर इकराने जाड काळ्या मार्करने नाव घातलं होतं. हिशेब-सह्या उरकायला मी फार्मवर थांबलो, तशी इकराही ऑफिसात आली. अफशाँ गाडीत बसून राहिली. अबू नासिरने तो फोटो मोठा करून, जड सोनेरी फ्रेम लावून आणला होता. टेबलामागच्या भिंतीवर लावायचा होता. सुलतान अजून यायचा होता. ते काम अर्थातच माझं होतं.

मी खिळ्यांचा डबा शोधत होतो, तेवढ्यात इकराने फ्रेम टेबलावर उलटी ठेवली. मार्करचं टोपण काढून तिने मागच्या पुठ्ठ्यावर अरबीत लिहायला सुरुवात केली. शाळेत दहा वर्षं शिकलेली अरबी, अक्षर सुरेख.

"काय लिहिलं?" इसहाकने विचारलं. तो शिडी धरायला आला होता.

तिने वाचून दाखवलं. 'या फोटोत मुझम्मिल हुसेन ममतुले, दाभोळ, कोकण. जागा अल वाहबा. सुलतान गाडीत बसला होता.'

उरलेल्या बेचाळीस जणांत इसहाक होता. हे कुणी वाचलं तर पहिला तो जाणार होता. "पूस ते," मी इकराला म्हणालो. पण माझ्या आवाजात जोर नव्हता, हे तिलाही कळलं. तिने मार्कर खिशात घातला.

मी इसहाककडे पाहिलं. तो पुठ्ठ्यावरची अक्षरं बघत होता. मग त्याने माझ्या हातातला डबा घेतला. आत दोनच खिळे उरले होते, एक लांब आणि एक अगदी आखूड, ती जड फ्रेम आज ना उद्या सोडून देईल असा. लांब खिळा त्याने परत डब्यात टाकला, झाकण लावलं आणि आखूड खिळा माझ्या तळहातावर ठेवला.